तबकडी पाण्याआधीची की नंतरची?

रामनगरात माझ्या धंद्याला नाव नाही. पोस्टमन मला 'परदेशी पार्सलवाले' म्हणतो, समोरचा किराणावाला 'रेकॉर्डवाले मामा' म्हणतो, आणि बायको पावसाळ्यात जे म्हणते ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही नेमकं काय करता, तेच लिहा ना." म्हटलं, बाई, मी तबकड्यांची कुळी काढतो. त्या हसल्या. पण खरंच तेच करतो हो. सोयरीक जमवताना मुलाचं घराणं, आजोळ बघतात ना, तसं मी तबकडीचं बघतो. कुठं गायली, कुठल्या कारखान्यात दाबली, नव्या साच्यातली की झिजलेल्या साच्यातली, आणि अंगावरची कागदी पिशवी तिची स्वतःची की दुसरीची ढापलेली.

त्यातही माझं आयुष्य गेलं ते 'सोल' नावाच्या गाण्यात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं. चर्चमध्ये ज्या सुरात देवाला आळवायचं, त्याच सुरात माणसाला आळवायचं, आणि तेही गळ्यातून नाही, पोटातून. आमच्या लोकांना वाटतं, असल्या तबकड्या इकडं कुठल्या? तर होत्या. परदेशातून साचे यायचे आणि आपल्याकडच्या कारखान्यात थोड्या थोड्या दाबल्या जायच्या. शहरातली चार कॉलेजची पोरं घ्यायची, बाकीच्या पडून राहायच्या. पडलेल्या परत जायच्या आणि वितळवून त्यांचं दुसरं काहीतरी व्हायचं. सोलची तबकडी वितळवून तिच्यावर आरत्या दाबल्या असतील, कुणी सांगावं! म्हणून आज भारतात दाबलेली सोलची तबकडी म्हटली की इंग्लंडातला एखादा म्हातारा रात्रीचा उठून बसतो. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत आपली पोरंही सोल गायची. त्यांच्या तबकड्या निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांचा माग काढणं म्हणजे भाताच्या कोंड्यात सुई शोधणं.

मी म्हापशाच्या एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला लागलो ते पाण्यानंतर. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या जोयडा तालुक्यात काळ मोजायची रीतच ती आहे. सुपा धरणाचं पाणी चढलं, गावं खाली गेली, माणसं उठून रामनगरला येऊन बसली. तेव्हापासून कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाची म्हैस मेली, सगळं पाण्याआधी नाहीतर पाण्यानंतर. आमचं घर बाजारातलं, खानापुराकडून आलेलं, त्यामुळे आमचं काही बुडालं नाही. पण बोलायची सवय आम्हालाही तीच लागली.

म्हापशाला गोरे लोक यायचे, राहायचे, आणि परत जाताना पेटीभर तबकड्या टाकून जायचे. मालकाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला विचारायचा, "ही कितपत खरी?" मी बघायला लागलो आणि बघता बघता त्यातच अडकलो.

बघायचं काय, तर तबकडीवर गाण्याची शेवटची रेघ संपते आणि मधला कागद सुरू होतो, त्यांच्या मध्ये एक गुळगुळीत मोकळी पट्टी असते. तिथं आकडे असतात, अक्षरं असतात, आणि कधीकधी हातानं कोरलेली बारीक खूण असते. लोकांना वाटतं ओरखडा आहे. ती खूण असते कापणाऱ्याची. तबकडी आधी कापली जाते हो. एका यंत्रावर सुई बसवून, रोगण चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर गाण्याची रेघ कापतात. त्या कच्च्या तबकडीवरून साचा निघतो, आणि साच्यातून करंज्या निघाव्यात तशा तुमच्या-आमच्या तबकड्या. कापणारा माणूस कुणाला दिसत नाही, त्याचं नाव कुठं छापत नाहीत. मग तो पट्टीत आपली खूण टाकून ठेवतो. एवढीच त्याची हौस.

मुंबईत त्या काळी इंग्रजी गाणी कापणारे एक उस्ताद होते. त्यांची खूण म्हणजे वर्तुळात फुली. मी नोकरीला लागलो तेव्हा दुकानात येणाऱ्या नव्या तबकड्यांवर ती फुलीच असायची. पुढं उस्ताद वारले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा वसईचा शागीर्द बसला, बस्त्याव. त्याची खूण मासा. फुली जाऊन मासा आला तो माझ्या डोळ्यांदेखत. हे मी उगाच सांगत नाहीये, त्या माशानं मला काय घाम फोडला ते पुढं येतंय.

आई वारली, मी रामनगरला परत आलो आणि इथूनच काम सुरू केलं. जोयड्यात राहून तबकड्या सांभाळणं म्हणजे मांजराच्या पुढ्यात दूध ठेवून देवळात जाणं. इथल्या पावसात चामड्याच्या चपलेला मिशा फुटतात. मी कपाटात पिवळा बल्ब पेटवून ठेवतो, तो जूनला पेटतो आणि नवरात्रात विझतो. वीज गेली की माझा जीव खालीवर. बायको म्हणते, "अवो, पोरांना ताप आला तवा एवढं उठून बघत नव्हतासा." खरं आहे. माझा स्वभावच घोर लावून घेणारा. पार्सल निघालं की ते पोचेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. एकदा बंगळुराहून आलेलं पार्सल एसटी स्टँडवर भर मे महिन्यात उन्हात ठेवलं कुणीतरी. उघडलं तर आत तबकडीचा पापड. नुसता पापड नाही, तळलेला, कडा वर आलेला! तबकडीच्या मालकाला फोन केला, तर तो पठ्ठ्या म्हणतो, "जाऊ द्या मामा, घड्याळ करून भिंतीला लावतो." मला दोन दिवस जेवण गेलं नाही आणि हा घड्याळ करतोय!

गिऱ्हाइकं एकेक. गणेशगुडीला राफ्टिंगला आलेला एक तरुण एकदा नदीवरून थेट माझ्याकडं आला, अंगावर ओले कपडे, पायात एकच चप्पल. पाठीवरच्या पिशवीतून त्यानं सोलची तबकडी काढली. ती घेऊन तो काळी नदीच्या धारेतून आला होता! म्हटलं, "अरे बाबा, बायकोला घेऊन आला असतास, हिला कशाला?" म्हणाला, "हॉटेलवर ठेवायला भीती वाटली." मला तो पोरगा एकदम आवडला. माझ्याच जातीचा. तबकडी मात्र खोटी निघाली, कुणीतरी अलीकडं नक्कल करून दाबलेली. कडेवरून बोट फिरवलं की कळतं, जुनी कड धारेची असते, हिची गुबगुबीत होती. त्याला सांगितलं तेव्हा तो ती मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला, शेवटी बायकोनं त्याला जेवायलाच वाढलं.

खोटं निघालं की वाईट वाटतं, पण ते वाईट पचतं. खरं निघालं म्हणून जिवाला कापरं भरलं, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं.

गेल्या वर्षी दसरा होऊन गेला होता. मारुती म्हणून आमच्याकडचा जीपवाला आहे, गणेशगुडीच्या लॉजवरून माणसं नदीपर्यंत ने-आण करतो. तो सकाळी आईला घेऊन आला. यशोदाक्का. वय झालेलं, पण ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं आणि ते तिनं मारुतीच्याही हातात दिलं नव्हतं.

मारुती म्हणाला, "मामा, हिला कुणीतरी सांगितलंय, तुम्ही ताट बघून त्येचा जनम सांगतासा म्हणून."

"तू गप," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "हे ताट पाण्याआदीचं का मागनंचं, तेवढं सांगा. दुसरं काय नगो मला."

मग सगळं कळलं ते असं. आक्काचा नवरा वासू धरणाच्या कामावर वेल्डरच्या हाताखाली होता. तिथंच मिंगेल नावाचा गोव्याचा मेकॅनिक होता, त्याच्याकडं गिटार होती. संध्याकाळी कामगारांच्या कँटीनमध्ये मिंगेल वाजवायचा आणि वासू गायचा. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण मिंगेल म्हणेल तसं हुबेहूब म्हणायचा. पाणी भरण्याआधीच्या पावसाळ्यात काळी नदी ओलांडताना होडी उलटली. बरोबरच्यांची मढी मिळाली. वासूचं मिळालं नाही. मारुती तेव्हा पोटात होता.

लोक दोन तोंडांनी बोलले. कुणी म्हणालं, नदीनं नेला. कुणी म्हणालं, नदीचं निमित्त करून पळाला. आक्कानं कुणाचंच ऐकलं नाही. "मढं दिसलं न्हाई. मढं दिसल्याबिगर कुंकू कुणासाठी पुसू?" एवढंच म्हणायची. पाण्यानंतर गाव उठून रामनगरला आलं, तिथल्या घरी एकदा मिंगेल आला. ही तबकडी दिली, म्हणाला, "वासूचं हाय, ठेव," आणि पाणीसुद्धा न पिता गेला. पुढं तो आखातात गेला आणि तिकडंच वारला. आक्का धरून चालली होती की गाणं होडीच्या आधीचं, मिंगेलनं आठवण म्हणून आणून दिलं. वाजवायचं यंत्र घरात नव्हतं. तिनं ती तबकडी कधी ऐकलीच नव्हती.

"आन् आताच का आक्का?" मी विचारलं.

उत्तर मारुतीनं दिलं. त्याच्या मुलीची सोयरीक बाजारकुणंगला जमली होती. तुळशीचं लग्न झालं की हिचं. पण तिकडची वडीलधारी माणसं अडून बसली होती, की आजाचं कार्य झालेलं नाही, माणूस असा अधांतरी ठेवून मांडव घालायचा नाही. मढं नसेल तर पळसाच्या काड्यांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तो विधी करा आणि मग या. मारुती तयार होता. आक्का तयार नव्हती.

"आदीचं आसंल तर नदीनंच न्हेला त्येला," ती म्हणाली. "मग मी पोराला आडवी येणार न्हाई. मागनंचं आसंल..." तिथं ती थांबली आणि लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडायला लागली.

आत काय होतं ते बघून माझ्या तोंडून "अगं आईगं!" निघालं. साधी तबकडी नव्हतीच ती. ती कच्ची तबकडी होती, रोगणाची, यंत्रावर थेट कापलेली. हिची जोड नसते, जगात एकच. आणि ही वाजवली की झिजते. जुनी झाली की रोगण तडकतं, पापुद्रे सुटतात, मग सुई ठेवणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. हिच्या कडेला तडे गेले होते. आणि सगळ्या अंगावर, रेघारेघांत, लालभडक कुंकू आणि हळद!

"आक्का, हे काय केलंसा हो?"

"काय केलं? पूजा केली." ती माझ्याकडं बघत राहिली, मीच खुळा असल्यासारखी. "दर साली खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड मांडतो, त्येच्या संगं हेबी मांडतो. त्येचं हत्यारच न्हवं हे?"

परदेशातली माणसं हातमोजे घालून तबकडी धरतात, आणि इथं हिनं दर वर्षी बोटानं कुंकू लावलंय, अक्षता टाकल्यात, वर दुधाचा थेंब सोडलाय. मला हसावं की रडावं कळेना. राग आला म्हणावं तर तिच्या जागी तिचं बरोबरच होतं. गवंडी थापी पुजतो, मारुती जीप पुजतो, मग गाणाऱ्याच्या बायकोनं काय पुजायचं?

मी भिंग घेतलं आणि मोकळी पट्टी बघितली. रोगणावरची खूण एरवी दिसायला महामुश्कील, काळ्यावर काळी. पण वर्षानुवर्षांचं कुंकू त्या खाचेत बसलं होतं. लाल रेघांनी काढलेला मासा माझ्याकडं बघत होता. शेपटी, पोट, डोळ्याचा ठिपका, सगळं स्वच्छ.

मासा म्हणजे बस्त्याव. बस्त्याव म्हणजे उस्तादांच्या मागून. आणि उस्ताद तर मी म्हापशाला नोकरीला लागलो तेव्हा, पाण्यानंतर, अजून फुली मारत बसलेले होते. म्हणजे ही तबकडी पाण्यानंतरची. होडी उलटली त्याच्याही कितीतरी नंतरची.

तोंडावर काही न दाखवता म्हटलं, "आक्का, हे ठेवून जावा. जरा सावकाशीनं बघतो." ती ठेवून गेली. जाताना उंबऱ्यावरून मागं वळून तबकडीकडं बघून गेली.

मग माझे हाल कुत्रा खाईना. वसईला बस्त्यावला फोन लावला. म्हातारा आता ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलतो. विचारलं, "उस्ताद असताना तुम्ही कधी एखादी तबकडी कापली होती का हो? एखादी, गुपचूप? मित्राखातर?"

"उस्ताद असताना?" तो फोनवर हसला. "सुईला हात लावला असता ना, तर हात तोडून दिला असता त्यांनी. त्यांना पोचवून आलो, आणि मग बसलो त्या खुर्चीवर."

"जोयड्याकडचा कुणी गाणारा आठवतो का? बरोबर गोव्याचा गिटारवाला?"

"बाबा, किती आले किती गेले. गाणारे मला दिसायचे कुठं? मी रेघ बघायचो."

संपलं. एकच फट उरली होती, आणि मी तिला घट्ट धरून बसलो. तबकडी नंतरची आहे हे नक्की, पण तिच्यावर आवाज वासूचाच आहे हे कुणी सांगितलं? मिंगेलनं दुसऱ्याच कुणाचं गाणं आणून दिलं असेल. बिचाऱ्या बाईला काहीतरी द्यावं म्हणून दिलं असेल. देवा, तसंच असू दे! आवाज दुसऱ्याचा निघाला तर वासू नदीतच गेला, आणि ही बाई इतकी वर्षं ज्याच्यासाठी थांबली तो तिला टाकून गेला नव्हता. पण हे ठरवायचं कुणी? वासूचा आवाज ओळखणारं माणूस आता एकच उरलेलं. आणि तबकडी कदाचित एकदाच वाजणार.

बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "पाण्याआधीची आहे म्हणून सांगून टाकू का? कुणाचं काय जातंय? पोरीचं लग्न होईल, म्हातारी समाधानानं राहील."

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तिनं तुमाला काय इचारलंय? समाधान इचारलंय का ताटाचा जनम?"

आमच्या धंद्यात एकदा खोटं सांगितलं की माणूस संपला, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर मला त्या बाईच्या डोळ्यांची भीती वाटत होती.

आक्काला आणि मारुतीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मासा दाखवला, बस्त्याव सांगितला, फट सांगितली. म्हटलं, "आक्का, तबकडी पाण्यानंतरची हाय. आता आवाज त्यांचा असेल तर होडीतून ते वाचले होते. नसेल तर ही दुसऱ्याच कुणाची. वाजवल्याशिवाय कळायचं नाही, आणि वाजवली तर बहुतेक ती राहायची नाही. न वाजवता अशीच घेऊन जायची असेल तरी घेऊन जावा. मी कुणाला काही बोलणार नाही."

मारुती पटकन म्हणाला, "नगं आये. कशाला? हाय तसं ऱ्हाऊ दे. इधी करून टाकू."

"कुणाचा इधी?" ती म्हणाली. "नदीत गेलेल्याचा का पळालेल्याचा?" मग मला म्हणाली, "लावा."

आमची ही तिच्या शेजारी जाऊन बसली. मी कुंकू मऊ कुंचल्यानं झाडलं, निघालं तेवढं निघालं. पाणी लावायची सोय नाही, पुसायची सोय नाही. सगळ्यात हलकी सुई काढली, कॉम्प्युटरवर आवाज उतरवून घ्यायची तयारी केली, वीज जाऊ नये म्हणून बॅटरी जोडली, ती पुन्हा पुन्हा तपासली. शेवटी मारुतीच म्हणाला, "मामा, लावतासा का न्हाई?" मी सुई ठेवली.

आधी नुसती तडतड, जाळात मीठ टाकल्यागत. कुंकू बोलत होतं ते. मग गिटार आली, ढोल आला, आणि आवाज. मोठा, भरलेला, खर्जातला. इंग्रजी शब्द, उच्चार जरा वेडेवाकडे, पण गाणं काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यभर सोल ऐकलं, असला दाणेदार आवाज इकडच्या माणसाचा ऐकला नव्हता. माझं अर्धं मन गाण्यात आणि अर्धं आक्काच्या तोंडाकडं.

ती कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं मान हलवली. "ह्यो कोण? ह्यो वासू न्हवं. वासूचा आवाज बारीक हुता."

मला इतका आनंद झाला की मी मारुतीच्या पाठीवर थाप मारली. आमची ही पदरानं डोळे पुसायला लागली. झालं, सुटलो! वासू नदीतच गेला होता, बिचारा. मी सुई उचलायला हात पुढं केला, पण गाणं इतकं चांगलं होतं की म्हटलं, संपू दे.

आणि गाणं मध्ये थांबलं. वाद्यं गप्प झाली, फक्त ढोल राहिला. सोलमध्ये अशी एक जागा येते, गाणारा शब्द टाकून देतो आणि नुसती हाक घालतो. या माणसानं हाक घातली. "हो ऽऽ हो ऽऽ होय्!" पहिले दोन लांब, तिसरा तोडलेला.

"ओ ऽऽऽ!"

हे तबकडीतून आलं नाही. हे आक्काच्या तोंडून आलं. बसल्या जागी, कानाशी हात धरून, अशी मोठ्यानं तिनं ओ दिली की आमच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. मग तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

आमच्या डोंगरातलं ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. भात पोटऱ्याला आलं की रानडुकरं येतात, गवे येतात. मग बापये रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला बसतात आणि थोड्या थोड्या वेळानं हाळी देतात. प्रत्येकाची हाळी वेगळी, अंधारात ऐकली तरी कोण ते कळतं. आणि घरातून बाईनं ओ द्यायची, म्हणजे घरी सगळं ठीक आहे, राखणीवाल्यानं समजायचं. ओ आली नाही तर तो माळ्यावरून उतरून घराकडं धावत सुटतो. गाण्याचा आवाज वयानं, दारूनं, मुंबईच्या हवेनं बदलत असेल. हाळी बदलत नाही.

गाणं पुढं चालू झालं आणि दोन-चार ओळींत रोगणाचा पापुद्रा सुटला. सुई घसरली, पत्र्यावर करकरली. मी उचलली. कच्ची तबकडी तिथंच संपली. तिथवरचा आवाज माझ्याकडं उतरून राहिला आहे. मारुतीनं मागितला तर त्याचा आहे. इंग्लंडातल्या माझ्या म्हाताऱ्यांना कळलं तर ते विमानानं रामनगरला येतील. मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्या गाणाऱ्याचं पुढं काय झालं, आणखी कुठं गायला का, अजून आहे का, हे शोधणं माझ्या धंद्यातलंच काम. पहिल्यांदा एका तबकडीचा माग मी आपणहून सोडला.

मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. मीच रडवेला झालो होतो. आपण कशाला ह्या भानगडीत पडलो, असं झालं होतं मला.

मारुतीनं हळूच विचारलं, "आये, त्योच काय?"

"त्योच."

"म्हंजे जित्ता हुता त्यो. आमाला टाकून..." जन्मल्यापासून बाप नदीत गेला असं धरून चाललेला माणूस तो. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मग आता इधी कसा करायचा? जित्त्या माणसाचा?"

आक्का उठली. लुगड्याचा तुकडा घडी करून कमरेला खोचला. तबकडीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"त्येनं हाळी दिली, मी ओ दिली," ती म्हणाली. "माझ्याकडनं काय ऱ्हायलं न्हाई. आता कर तुझा इधी."